पाच मुलगे असून वंश बुडाला? विल्यम मार्शलबद्दल प्रश्न

चहाबाज_रेडिंगकर

नमस्कार मंडळी, आधीच सांगतो, इतिहास आपला प्रांत नाही, सनावळ्या पाठ करून दहावी काढलेला माणूस आहे मी, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रेडिंगला राहतो, लंडनच्या पश्चिमेला. आईबाबा आलेत दोन महिने, त्यांना फिरवता फिरवता परवा लंडनच्या टेंपल चर्चला गेलो. गोल चर्च आहे आणि आत जमिनीवर दगडाचे सरदार झोपवलेत, चिलखत, ढाल, तलवार सगळं अंगावर. त्यातला एक विल्यम मार्शल, पेम्ब्रोकचा अर्ल (म्हणजे बडा जहागीरदार), मृत्यू 1219. घरी येऊन बाबांनी टॅबवर वाचायला घेतलं आणि ओरडलेच, अरे हा तर आपल्या कॅव्हरशॅमला वारला! कॅव्हरशॅम म्हणजे आमच्याकडून थेम्सचा पूल ओलांडला की आलंच, दर शनिवारी भाजीला जातो मी तिथे.

तर तेव्हापासून बाबांना वेड लागलंय आणि मला ऐकून ऐकून. प्रश्न असे आहेत. एक म्हणजे, लहानपणी त्याच्या बापाने शत्रूला "खुशाल मारा पोराला" असं सांगितलं होतं म्हणे, हे खरं आहे का कुणीतरी नंतर रंगवलंय? दुसरं, याला पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि पाचही निपुत्रिक गेले, बाप गेल्यापासून 26 वर्षांत खेळ खलास. कुठल्यातरी बिशपचा शाप होता म्हणे. आणि बाबांचा प्रश्न, जो ते रोज जेवताना विचारतात: एवढा मोठा माणूस, मग दत्तक का नाही घेतला कुणी? आणि इस्टेट गेली कुणाकडे?

---

गडवाट्या

वा, आवडता माणूस काढलात. पहिल्याचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार देतीलच.

साल 1152. इंग्लंडात राजा स्टीफन आणि त्याची आतेबहीण की मामेबहीण जी काय ती मटिल्डा यांच्यात गादीवरून यादवी, पंधरा-सोळा वर्षं चाललेली. विल्यमचा बाप जॉन मार्शल मटिल्डाच्या बाजूचा. हा जॉन म्हणजे भयंकर प्रकरण होतं. 1141 मध्ये व्हेरवेलच्या मठात अडकला, शत्रूने चर्चला आग लावली, छपराचं शिसं वितळून तोंडावर पडलं आणि एक डोळा गेला, तरी शरण आला नाही. तर 1152 ला स्टीफनने न्यूबरीला याच्या गढीला वेढा घातला. जॉनने तह करायला मुदत मागितली आणि ओलीस म्हणून पाच-सहा वर्षांचा विल्यम दिला. आणि मुदतीत केलं काय, तर गढीत माणसं आणि धान्य भरून घेतलं! स्टीफनने निरोप धाडला की पोराला फासावर देतो, त्यावर याचं उत्तर, माझ्याकडे ऐरण पण आहे आणि घण पण आहे, याच्याहून चांगली पोरं घडवीन.

आता हे खरंखोटं कसं ठरवणार. ही गोष्ट विल्यमवरच्या त्या फ्रेंच पद्यचरित्रात आहे, एकोणीस हजारांवर ओळी आहेत त्यात, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने पैसे देऊन लिहवून घेतलं. म्हणजे घरचंच काम. पण तुम्हीच सांगा, स्वतःच्या आजोबांबद्दल असं वाक्य कोण मुद्दाम घुसडेल? बहुतेक विल्यम म्हातारपणी स्वतःच ही गोष्ट शेकोटीशी बसून रंगवून सांगत असणार आणि हसत असणार, असं माझं आपलं मत.

आणि पुढचं तर अजून भारी. पोराला फाशी द्यायला नेतायत आणि वाटेत तो एका सरदाराच्या हातातला भाला बघून मला दे ना म्हणून मागतोय. स्टीफनचं काळीज विरघळलं, फाशी रद्द. नंतर गोफणयंत्रातून गढीवर फेकायचा बेत झाला तोही रद्द. शेवटी राजा आपल्या तंबूत बसून त्या पोराबरोबर गवताच्या काड्यांचे सरदार करून लढवालढवी खेळत होता. स्टीफन राजा म्हणून कुचकामी असेल पण माणूस बरा होता.

---

शेंगदाण्याचा_लाडू

घण आणि ऐरण 😂 आमच्या पिताश्रींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले मुद्दा बरोबर आहे त्याचा. असो. पण मार्शल हे आडनाव का पद? लष्करी कायद्यातलं मार्शल तेच का हे?

---

गडवाट्या

@शेंगदाण्याचा_लाडू आधी पद, मग आडनाव झालं. मूळ जुना जर्मानिक शब्द, अर्थ घोड्यांचा नोकर. राजाच्या पागेची आणि दरबारातल्या बंदोबस्ताची जबाबदारी याच्या घराण्याकडे वंशपरंपरागत होती. आपल्याकडे पागनीस, फडणीस, पोतनीस झाले तसंच की.

आणि याला त्यातलं काही मिळणार नव्हतं बरं का. जॉनला पहिल्या बायकोपासून दोन मुलगे, तिला सोडून सॅलिस्बरीच्या अर्लच्या बहिणीशी, सिबिलशी लग्न केलं, तेही शेजारचं वैर मिटवायला. तिचा विल्यम हा दुसरा मुलगा, म्हणजे एकूणात चौथा. बाप 1165 ला गेला तेव्हा याच्या वाट्याला शून्य. तेव्हा तो नॉर्मंडीत आईच्या नातलगाकडे, टँकरव्हीलच्या सरदाराकडे उमेदवारी करत होता. पहिल्या लढाईत घोडा मेला तर दुसरा घ्यायला पैसे नाहीत, अंगावरचा झगा विकायला लागला.

---

आळशी_अजगर

मध्येच घुसतो कारण सगळ्यात मजेचा भाग कुणी सांगितलाच नाही, टूर्नामेंट! सिनेमात दाखवतात तसं दोघं समोरासमोर येऊन भाले मारतात ते खूप नंतरचं. याच्या काळात टूर्नामेंट म्हणजे मैलोनमैल शेतांतून, गावांतून दोन टोळ्यांची मारामारी, आणि पकडला गेलात तर घोडा, चिलखत जप्त, वर खंडणी भरा नि सुटा. थोडक्यात धंदा होता तो. विल्यम आणि रॉजर द गोजी नावाचा एक फ्लेमिश सरदार यांनी पार्टनरशिप केली होती, जे मिळेल ते निम्मं निम्मं, आणि कारकुनांनी हिशोब ठेवलाय की दहा महिन्यांत 103 सरदार पकडले. मरताना तो स्वतः म्हणतो की आयुष्यात 500 पकडले.

एकदा प्लर्सच्या टूर्नामेंटनंतर याला बक्षीस द्यायचं म्हणून शोधतायत तर स्वारी लोहाराकडे, ऐरणीवर डोकं ठेवून बसलेली, आणि लोहार हातोड्याने शिरस्त्राण ठोकून सरळ करतोय, कारण मार खाऊन खाऊन ते इतकं चेपलं होतं की डोक्यातून निघेना. बापाची ऐरण काही पाठ सोडत नाही बघा.

बाकी नशीब उघडलं 1168 ला. फ्रान्समधल्या प्वाटूमध्ये मामाला, म्हणजे सॅलिस्बरीच्या अर्लला, लुझिन्यान घराण्यातल्या सरदारांनी मारलं, हा एकटा कुंपणाला पाठ लावून लढला, मांडीत भाला खाल्ला, कैद झाला. याची खंडणी इंग्लंडच्या राजा दुसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर हिने भरली. दोन वर्षांनी तिच्या मुलाचा, धाकट्या हेन्रीचा शस्त्रगुरू झाला. पुढे 1183 ला तो हेन्री हगवणीने गेला, त्याचा नवस फेडायला विल्यम जेरुसलेमला जाऊन आला. आणि 1189 ला ल माँपाशी म्हाताऱ्या हेन्रीची, म्हणजे त्या राजाचीच, पाठराखण करताना समोरून चालून आला कोण तर साक्षात रिचर्ड, बापावर उलटलेला. अंगात चिलखत नव्हतं त्याच्या. विल्यमने भाला त्याच्या घोड्यात घातला आणि म्हणाला तुला सैतान मारेल, मी नाही मारणार. महिन्याभरात रिचर्ड राजा झाला. आता बघा हं, राजाने याची मुंडी उडवायची ना? त्याने याला इंग्लंडमधली बडी वारसदार मुलगी देऊन टाकली! असली माणसं आपल्या बाजूला हवीत हे कळत होतं त्याला.

---

चहाबाज_रेडिंगकर

अहो काय लिहिता तुम्ही लोक, बाबा चष्मा लावून शेजारी बसलेत आणि मी मोठ्याने वाचतोय. बाबांचं म्हणणं की ती "मुलगी देऊन टाकली" म्हणजे नक्की काय, तिला कुणी विचारलं का? (हे खरं तर आईचं म्हणणं आहे.) आणि शापाचं राहिलंच.

---

सातव्या_मजल्यावरून

काकूंना नमस्कार सांगा, बरोबर जागी बोट ठेवलंय त्यांनी. नाही विचारलं. इझाबेल द क्लेअर तेव्हा सतराएक वर्षांची, विल्यम बेचाळीस-त्रेचाळीसचा. बाप वारलेला, म्हणून ती राजाच्या ताब्यात, लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेली, आणि अशा मुलीचं लग्न हे राजाच्या हातातलं बक्षीस असायचं. लग्नाचा खर्च करायला नवऱ्याकडे पैसे नव्हते, लंडनच्या एका व्यापाऱ्याने केला.

पण मला या सगळ्या कहाणीत खरा जीव इझाबेलमध्ये दिसतो. तिचा बाप म्हणजे आयर्लंडवर गेलेला तो स्ट्राँगबो, आणि आई आयफा, लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याची मुलगी. म्हणजे आयर्लंडमधला लेन्स्टरचा मुलूख तिला आजोबांकडून, आईकडून आलेला. वेल्सच्या सीमेवरचं चेपस्टो, नॉर्मंडीतली जमीन हीपण तिचीच. पेम्ब्रोक नंतर 1199 ला जॉन राजाने दिलं ते पण तिच्या बापाच्या हक्कातलंच. झगा विकणारा माणूस लग्नाच्या दिवशी देशातल्या पहिल्या काही श्रीमंतांत जाऊन बसला तो असा.

आणि त्याला याची जाणीव होती हे विशेष. 1207 मध्ये जॉन राजाशी बिनसलं, राजाने इंग्लंडला बोलावून घेतलं. इझाबेल गरोदर, तिला लेन्स्टरला ठेवून जायचं होतं. तेव्हा किलकेनीला सगळे सरदार जमवून, तिचा हात धरून त्यांच्यापुढे आला आणि म्हणाला की ही तुमची जन्माची मालकीण, तुमच्या अर्लची मुलगी, माझं इथे जे काय आहे ते हिच्यामुळे आहे, हिला सांभाळा. तो गेल्यावर राजाचा आयर्लंडमधला अधिकारी चालून आला, हिच्या माणसांनी त्याला हरवलं, आणि शेवटी त्यालाच आपला मुलगा हिच्याकडे ओलीस ठेवायला लागला.

ओलिसावरून आठवलं, जॉनने विल्यमचे पण दोन थोरले मुलगे ओलीस म्हणून नेले होते, 1205 ला एक, 1207 ला दुसरा. पाच वर्षांचा असताना बापाने वाऱ्यावर सोडलेला माणूस स्वतःची पोरं राजाच्या हवाली करताना काय विचार करत असेल हे त्या एवढ्या लांबलचक चरित्रात कुठे नाही, आणि मला तेच वाचायचंय.

---

कायद्याचं_बोला

शाप, दत्तक आणि इस्टेट माझ्याकडे.

शापाची गोष्ट सेंट ऑल्बन्सच्या मठातला मॅथ्यू पॅरिस सांगतो. फर्न्स म्हणजे आयर्लंडमधलं बिशपचं ठाणं, तिथल्या बिशपच्या दोन इस्टेटी विल्यमने लढाईत बळकावल्या, बिशपने बहिष्कृत केलं, याने ढिम्म परत केल्या नाहीत. विल्यम मेल्यावर बिशप लंडनला आला, पोरगेल्या राजासमोर, त्या थडग्याशी उभा राहून म्हणाला, जमीन द्या, मी याला मुक्त करतो. मुलं म्हणाली आमच्या बापाने लढून मिळवलंय, देणार नाही. मग बिशपने बायबलमधल्या स्तोत्राच्या शब्दांत तळतळाट दिला, की एका पिढीत याचं नाव पुसलं जाईल.

ऐकायला अंगावर काटा, पण मॅथ्यू हे लिहितो तेव्हा भाऊ मरायला लागलेले होते. निकाल लागल्यावर भविष्य सांगायला काय लागतं. मुलगे कसे गेले ते बघा आणि मग ठरवा. थोरला विल्यम, त्याची पहिली बायको लवकर गेली, दुसरं लग्न 1224 ला राजाच्या बहिणीशी, एलिनॉरशी, ती तेव्हा नऊएक वर्षांची. 1231 ला हा गेला तेव्हा ती सोळाची. (तीच पुढे सायमन द माँफोर्टची बायको झाली आणि पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतला आपला हिस्सा मागत सासरच्यांशी आयुष्यभर भांडली.) दुसरा रिचर्ड, राजाविरुद्ध उठाव करून 1234 ला आयर्लंडच्या करा माळावर जखमी होऊन मेला. तिसरा गिल्बर्ट, याला मुळात चर्चमध्ये घातला होता, भाऊ गेले म्हणून बाहेर ओढून सरदार केला, बिचाऱ्याला घोडा धड आवरेना, 1241 ला वेअरच्या टूर्नामेंटमध्ये लगाम तुटला आणि रिकिबीत पाय अडकून फरपटत गेला. ज्या खेळात बापाने 500 पकडले त्यात मुलगा असा गेला. चौथा वॉल्टर नोव्हेंबर 1245, पाचवा अन्सेल्म त्याच वर्षी डिसेंबर. बायका सगळ्यांना होत्या, संसार कुणाचाच धड झाला नाही. याला शाप म्हणायचं तर म्हणा.

दत्तक: काकांना सांगा की प्रश्न मराठी माणसाचा आहे, आपल्याला 1848 चं सातारा आणि डलहौसी आठवतो. पण इंग्रजांच्या स्वतःच्या कायद्यात दत्तक हा प्रकारच नव्हता, इंग्लंड-वेल्समध्ये दत्तकाचा पहिला कायदा 1926 चा. "वारस देव घडवतो, माणूस नाही" अशी त्यांची जुनी धारणा. तेव्हा अन्सेल्मने मरणाच्या दारात कुणाला मांडीवर घेतलं असतं तरी त्याला चिंधी मिळाली नसती.

आणि आता इस्टेट. मुलगे असतील तर सगळं थोरल्याला, धाकट्यांनी झगे विकावेत. पण मुलगा नसेल आणि मुली असतील तर थोरली-धाकटी काही नाही, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणून 1247 ला आख्खं साम्राज्य पाच जागी फाटलं. मॉडच्या वाट्याला चेपस्टो आणि कार्लो, शिवाय मार्शलचं पद. इझाबेलच्या (ही मुलगी, आईचंच नाव) वारसांना किलकेनी. जोनच्या मुलीमार्फत पेम्ब्रोक आणि वेक्सफर्ड व्हॅलन्स घराण्याकडे. ईव्हाच्या नवऱ्याला वेल्सच्या लिवेलिनने 1230 ला फाशी दिलं होतं, तिचा वाटा तिच्या मुलींकडे, त्यातली एक मॉर्टिमरांकडे दिली. सिबिलला सात मुली, म्हणजे एक पंचमांश भागिले सात. वकिलांची दिवाळी झाली असणार.

---

शेंगदाण्याचा_लाडू

म्हणजे वंश बुडाला कुठे? दहातली पाच तर होती की!

---

कायद्याचं_बोला

@शेंगदाण्याचा_लाडू नाव बुडालं, बाकी सगळं पसरलं. दुसऱ्या मुलीचा, इझाबेलचा पणतू कोण माहितेय? स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस, हो तोच, बॅनॉकबर्नला इंग्रजांना हरवणारा. पणतू की खापरपणतू यात माझा गोंधळ होतोय, थांबा बोटांवर मोजतो. इझाबेल मार्शल, तिची मुलगी ब्रूसांकडे दिली, तिचा मुलगा, त्याचा मुलगा राजा. हां, पणतूच. ईव्हाच्या बाजूने मॉर्टिमर, तिथून यॉर्क घराणं, इंग्लंडचा राजा एडवर्ड चौथा. आणि मॉडकडे गेलेलं मार्शलपद हातं बदलत बदलत आज नॉरफोकच्या ड्यूककडे आहे, 2023 ला चार्ल्सच्या राज्याभिषेकाची सगळी व्यवस्था त्याच पदाकडे होती.

---

सातव्या_मजल्यावरून

मुलगी आयफाकडून आलेली जमीन, मुलगी इझाबेलकडून नवऱ्याकडे आणि शेवटी पाच मुलींकडे. मधले पाच भाऊ आपले राखणदार.

---

चहाबाज_रेडिंगकर

आईने ही वरची कमेंट दोनदा वाचायला लावली. बाबा गप्प आहेत 😄

काल रविवारी सगळे कॅव्हरशॅमला नदीकाठी फिरून आलो. त्याचा वाडा वगैरे काही उरलेला नाही, पण पलीकडे रेडिंग अ‍ॅबीचे अवशेष आहेत, तिथे तो आजारी असताना छोटा राजा मुक्कामाला होता म्हणे. शेवटच्या दिवसांबद्दल अजून माहिती असेल तर टाका ना कुणीतरी, बाबा 28 ला परत चाललेत.

---

गडवाट्या

टाकतो, आठवतं तसं.

1216 च्या ऑक्टोबरात जॉन राजा मेला तेव्हा अर्धा देश बंडखोरांच्या आणि फ्रान्सच्या युवराजाच्या हातात, गादीवर नऊ वर्षांचा हेन्री. सरदारांनी सत्तरीच्या विल्यमला कारभारी नेमलं. तो म्हणाला सगळ्यांनी सोडलं तरी मी या पोराला खांद्यावर घेऊन बेटाबेटावर फिरेन, भीक मागायला लागली तरी चालेल. दुसऱ्या वर्षी 20 मे 1217 ला लिंकनच्या लढाईत स्वतः पुढे, घाईत शिरस्त्राण घालायलाच विसरला होता. थोरला मुलगा आधी बंडखोरांकडे होता, तो तोपर्यंत बापाकडे परत आलेला, दोघं एकत्र लढले. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाला लगाम घालणारी सनद, जॉनने रद्द करून घेतला होता, तो याने 1216 आणि 1217 ला स्वतःच्या शिक्क्याने परत काढला, नाहीतर आज कुणाला आठवला असता.

1219 च्या वसंतात टॉवरमध्ये आजारी पडला, मला घरी मरायचंय म्हणाला, म्हणून होडीतून थेम्सने वर कॅव्हरशॅमला आणला. तुमच्या त्याच पुलाच्या आसपास कुठेतरी उतरवला असेल. तिथे त्याने पेटीतून दोन रेशमी वस्त्रं काढायला लावली, तीसेक वर्षांपूर्वी जेरुसलेमहून आणलेली, कुणाला दाखवली पण नव्हती, म्हणाला ही माझ्या अंगावर घाला. टेंपलर, म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या संन्यासी सरदारांच्या पंथातला, व्हायची शपथ तेव्हाच घेतली, आणि टेंपलरांना बाईला स्पर्श चालत नाही, म्हणून आधी इझाबेलला म्हणाला, आत्ता मुका दे, यापुढे नाही देता येणार. दोघंही रडली. एक दिवस गावंसं वाटलं, पण स्वतः गायला तर लोक वेडा म्हणतील म्हणून मुलींना बोलावलं. मॉड गायली. धाकटी जोन लाजत लाजत गायली तर तिला शिकवायला लागला की असं नाही, असं म्हण. एका पाद्र्याने सुचवलं की घरातले 80 भारी झगे विकून आत्म्यासाठी दान करा, तर त्याला झापला, सण आलाय, माझ्या माणसांना कपडे मिळायलाच हवेत.

14 मे 1219 ला गेला. इझाबेल पुढच्या वर्षी गेली, टिंटर्नला पुरलीय.

आणि वाटण्या करताना सगळ्यात धाकट्या अन्सेल्मला त्याने काही ठेवलंच नव्हतं. मला कुणी दिलं होतं का, कमवेल तो त्याचा तो, असं म्हणाला. जुना सोबती जॉन ऑफ अर्ली मध्ये पडला, निदान घोड्याच्या नालापुरतं तरी द्या म्हणाला, तेव्हा कुठे 140 पौंड उत्पन्नाची जमीन दिली.

---

आळशी_अजगर

थांबा थांबा, अन्सेल्म म्हणजे तोच ना, शेवटचा? ज्याला काहीच द्यायचं नव्हतं त्याच्याकडे 1245 ला सगळंच आलं की मग!

---

गडवाट्या

हो तोच. आणि टिकलं महिनाभर. चेपस्टोला वारला. त्या किल्ल्याचे विल्यमच्या काळातले लाकडी दरवाजे अजून आहेत, लाकूड तपासून 1190 च्या दशकाच्या अलीकडचे नाहीत असं निघालंय, युरोपातले सगळ्यात जुने किल्ल्याचे दरवाजे म्हणतात त्यांना. रेडिंगहून गाडीने दीडेक तास. 28 च्या आत काकाकाकूंना दाखवून आणा.